ताऱ्याचं अंतर शिकवताना ‘अधिक-उणे’ गाळू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुस्तकात ‘व्याध ८.६ प्रकाशवर्षं दूर’ असं छापलेलं असतं, मुलं विचारतात ‘हे मोजलं कुणी आणि कसं?’ मग आपण हात लांब करून अंगठा धरायला लावतो, आधी एक डोळा मिटा, मग दुसरा, अंगठा सरकला की नाही? मुलांना गंमत वाटते, पण ताऱ्यापर्यंत काही पोचत नाही. नववी-दहावीच्या वर्गाला चार-पाच तासांत हे नीट कसं शिकवावं?

अंगठ्याचा प्रयोग वाईट नाही, तो अर्धवट सोडला जातो एवढंच. त्यात काहीही मोजलं जात नाही. अंगठा ‘सरकला’ हे कळतं, किती सरकला आणि त्यावरून अंतर किती आलं, हे कुणी विचारत नाही. आणि पुढच्याच तासाला आपण फळ्यावर पाच-सहा पद्धतींची नावं लिहून मोकळे होतो. माझं मत स्पष्ट आहे: पद्धती कमी करा. एक अंतर मुलांनी स्वतः मोजावं, त्यातली चूक स्वतः काढावी, आणि आपली पद्धत कुठे थकते ते स्वतः पाहावं. ती थकली की पुढची पद्धत का लागली, हे वेगळं सांगावं लागत नाही.

सुरुवात करण्याआधी एक गैरसमज काढून टाका. ‘प्रकाशवर्ष’ या शब्दामुळे बऱ्याच मुलांना वाटतं की प्रकाश पाठवला, तो परत आला, वेळ मोजला. ही पद्धत खरी आहे, पण ती घराच्या अंगणापुरती. १९६१ साली शुक्रावरून रडारच्या लहरी परतवून अशी मोजणी झाली. सर्वांत जवळच्या ताऱ्याकडे लहर पाठवली तर ती जाऊन यायला साडेआठ वर्षं लागतील, आणि परत येणारा अंश इतका क्षीण असेल की तो टिपता येणार नाही. तेव्हा ताऱ्यांच्या बाबतीत वेळ कुणीच मोजत नाही. मोजायचा असतो कोन.

आता मैदानावर या. एक खांब, त्याच्या मागे जमेल तितकं दूरचं काहीतरी (डोंगर, मोबाइलचा मनोरा), एक मोजपट्टी आणि फोनचा कॅमेरा एवढंच सामान. आधी कॅमेऱ्याची मोजपट्टी तयार करायची: १ मीटरची काठी बरोबर १० मीटरवर आडवी धरून फोटो काढा. फोटो मोठा करून काठीच्या दोन टोकांमध्ये किती पिक्सेल आहेत ते मोजा. समजा ३०० आले. म्हणजे अंतराच्या एक दशांश लांबीचा कोन, साधारण ५.७ अंश, म्हणजे ३०० पिक्सेल. आता खांबाकडे तोंड करून एका जागी फोटो काढा, मग खांबाच्या दिशेला काटकोनात २ मीटर बाजूला सरकून दुसरा. दोन्ही फोटोंत मागच्या डोंगरावरची एकच खूण धरा आणि खांब तिच्यापासून किती पिक्सेलवर आहे ते मोजा. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे सरक. या कॅमेऱ्यासाठी सूत्र अगदी सोपं होतं: अंतर (मीटर) = ६००० ÷ सरक (पिक्सेल). सरक २४० आली तर खांब २५ मीटरवर. मग पट्टीने मोजून ताळा पाहा. त्रिकोणमितीचं नावही काढावं लागत नाही.

फोनबाबत दोन सूचना. दोन्ही फोटोंत झूम एकच ठेवा, कारण हल्लीचे फोन न विचारता भिंग बदलतात आणि मग सगळं गणित कोसळतं. आणि खांब फोटोच्या मध्याजवळ ठेवा, कडांना चित्र ताणलं जातं.

आतापर्यंतचा भाग बहुतेक शिक्षक करतील. खरी गोष्ट पुढे आहे आणि तिला निदान अर्धा तास द्या. एकच जोडी फोटो पाच-सहा गटांना द्या आणि प्रत्येकाला वेगवेगळं मोजू द्या. आकडे जुळणार नाहीत; दोन-तीन पिक्सेल इकडेतिकडे होणारच. समजा चूक ३ पिक्सेलची धरली. सरक ६० आली तर अंतर १०० मीटर, आणि ५७ ते ६३ या पट्ट्यात ते साधारण ९५ ते १०५. छान. आता लांबची वस्तू घ्या, जिची सरक १५ आली. अंतर ४००. पण १८ धरले तर ३३३ आणि १२ धरले तर ५००. म्हणजे एका बाजूला ६७ मीटर, दुसऱ्या बाजूला १०० मीटर! चूक दोन्हीकडे सारखी होती, तरी अंतरातली अनिश्चितता लांबच्या बाजूला जास्त फुगली. अजून पुढे जा: सरक ३ पिक्सेल. अंतर २००० मीटर, पण कमीत कमी १००० आणि जास्तीत जास्त... भागाकारात खाली शून्य येतं. वर्गात इथे एकदम शांतता पसरते, मग कुणीतरी म्हणतं, ‘म्हणजे कितीही!’ एखाद्या गटाला तर उणे १ पिक्सेल सरक मिळते. तो आकडा खोडू देऊ नका, वहीत तसाच ठेवायला सांगा. तो पुढे लागणार आहे.

दुसरी बारीक गोष्ट मागच्या डोंगराची. तो अनंत अंतरावर नाही, तोही थोडा सरकतो. तेव्हा आपण मोजतो ती खांबाची सरक डोंगराच्या तुलनेत आहे, आणि डोंगर जितका जवळ तितकं खांबाचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त येतं. हुशार मुलं हे स्वतःच हेरतात. त्यांना सांगा की १८३८ साली ताऱ्याचं पहिलं विश्वासार्ह अंतर काढणाऱ्या बेसेललाही हीच अडचण होती.

आता आकाशात चला. पायाचं अंतर २ मीटरऐवजी पृथ्वीच्या कक्षेचा व्यास, म्हणजे सुमारे ३० कोटी किलोमीटर. जानेवारीत एक फोटो, जुलैत दुसरा. जवळचा तारा मागच्या दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत सरकलेला दिसतो. या सरकेच्या निम्म्या कोनाला पॅरॅलॅक्स म्हणतात; मराठी पुस्तकांत ‘पराशय’ हा शब्द सापडेल. ‘निम्म्या’ या शब्दाखाली दोनदा रेघ मारा. सहा महिन्यांतली पूर्ण सरक कक्षेच्या व्यासाची असते, पण व्याख्या त्रिज्येवर, म्हणजे एका खगोलीय एककावर बेतलेली आहे. परीक्षेत दुपटीची चूक इथेच होते, आणि ती टाळायला फळ्यावर सूर्य, पृथ्वीच्या दोन जागा आणि तारा असा लांबट त्रिकोण काढून मधोमध रेघ ओढली की पुरतं. कोन विकलांमध्ये घ्यायचा (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), की अंतर पार्सेकमध्ये मिळतं: १ भागिले पॅरॅलॅक्स. एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं.

मुलांना चार तारे द्या आणि गणित करू द्या. मित्र (अल्फा सेंटॉरी) ०.७५ विकला, व्याध ०.३८, हंस तारकासमूहातला ‘६१ हंस’ ०.२८६, अभिजित ०.१३. उत्तरं अनुक्रमे सुमारे ४.३, ८.६, ११.४ आणि २५ प्रकाशवर्षं येतात. व्याधाचा छापील आकडा स्वतःच्या वहीत उतरला, की मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. पण कोन किती छोटा आहे याची जाणीव आकड्यांनी होत नाही. एक सेंटिमीटरची रेघ दोन किलोमीटरवरून पाहिली तर ती एक विकलेएवढी दिसते. आणि सूर्य सोडला तर सर्वांत जवळचा तारा असलेल्या प्रॉक्झिमाचा पॅरॅलॅक्ससुद्धा ०.७७ आहे, म्हणजे एक विकलाही नाही.

इथे इतिहास सांगावा, पण गोष्ट म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर तारे सरकलेले दिसायला हवेत, हे सोळाव्या शतकातल्या टायको ब्राहे या वेधकाराला पक्कं माहीत होतं. त्याची साधनं जेमतेम एका कलेपर्यंत, म्हणजे साठ विकलांपर्यंत अचूक होती. सरक दिसली नाही आणि पृथ्वी स्थिर आहे असा निष्कर्ष त्याने काढला. कोपर्निकसला विरोध फक्त धर्मातून झाला असं मुलांना वाटत असतं. तसं नव्हतं, वेधाचा पुरावा त्या काळी विरोधकांच्या बाजूचा होता. पुढे जेम्स ब्रॅडली या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने कालेय समूहातल्या एका ताऱ्याची सरक शोधायला घेतली. त्याला ती सापडलीही, सुमारे २० विकला, पण अपेक्षेपेक्षा तीन महिने पुढेमागे. तो पॅरॅलॅक्स नव्हताच. धावत्या पृथ्वीवरून प्रकाशाची दिशा तिरकी भासते त्याचा तो परिणाम होता, त्याला ॲबरेशन म्हणतात. ब्रॅडलीने ते १७२८ साली ओळखलं. पृथ्वी फिरते याचा थेट पुरावा मिळाला, अंतर मात्र मिळालं नाही.

शेवटी कोनिग्सबर्गला फ्रीडरिश बेसेलने ६१ हंस निवडला. हा तारा काही तेजस्वी नाही, नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसतो. निवडीचं कारण वेगळं होतं: तो आकाशात वर्षाला पाच विकलांहून अधिक सरकतो, आणि इतका भराभर सरकणारा तारा जवळ असण्याची शक्यता जास्त. त्याची दुर्बीणही पाहण्यासारखी होती. तिचं मुख्य भिंग मधोमध कापलेलं असे आणि दोन अर्धी स्क्रूने एकमेकांवरून सरकवता येत. एका अर्ध्यातली ६१ हंसची प्रतिमा दुसऱ्या अर्ध्यातल्या शेजारच्या मंद ताऱ्याच्या प्रतिमेवर नेमकी बसवायची आणि स्क्रू किती फिरला ते वाचायचं. वर्षाहून जास्त काळ हे केल्यावर आकडा आला ०.३१४ विकला. आजचा ०.२८६ आहे. म्हणजे त्याचं अंतर दहा टक्क्यांनी चुकलं, तरी तो पहिला विश्वासार्ह आकडा मानला जातो. त्याच सुमारास श्ट्रूव्हने अभिजितचा आणि हेंडरसनने मित्राचा पॅरॅलॅक्स मोजला होता.

हे सांगताना फळ्यावर आणखी एक आकृती काढा. तारा वर्षभर एका रेषेवर मागेपुढे होतो असं मुलं गृहीत धरतात. प्रत्यक्षात तो छोटी लंबवर्तुळं काढतो. पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीतल्या ताऱ्यापुरती ती रेषा होते. शिवाय तारा स्वतःच्या निजगतीने पुढे जात असतो, म्हणून खरा मार्ग वळणावळणाचा दिसतो. त्यातून सरळ गती वेगळी काढायची आणि उरलेल्या डोलण्यातून पॅरॅलॅक्स. म्हणूनच दोन फोटो पुरत नाहीत, काही वर्षं वेध घ्यावे लागतात.

‘पण कक्षेची त्रिज्या कशी कळली?’ हा प्रश्न येतोच. उत्तर थोडक्यात द्या: केप्लरच्या नियमांनी ग्रहांच्या अंतरांची प्रमाणं मिळाली, १६७२ साली मंगळाच्या वेधांतून आणि १७६१ व १७६९ साली शुक्राच्या अधिक्रमणाच्या (शुक्र सूर्यबिंबावरून जाताना घेतलेल्या) वेधांतून प्रत्यक्ष अंतर, नंतर रडार. आज खगोलीय एकक १४ कोटी ९५ लाख ९७ हजार ८७०.७ किलोमीटर असं व्याख्येनेच ठरवलेलं आहे.

वातावरणाच्या थरथरीमुळे जमिनीवरून फार पुढे जाता येत नव्हतं. १९८९ साली सोडलेल्या हिप्पार्कोस यानाने सुमारे १ लाख १८ हजार ताऱ्यांचे पॅरॅलॅक्स विकलेच्या हजाराव्या भागाच्या अचूकतेने दिले. डिसेंबर २०१३ मध्ये निघालेल्या गाया यानाने २०२५ च्या जानेवारीपर्यंत वेध घेतले. त्याच्या यादीत जवळजवळ दीडशे कोटी ताऱ्यांचे पॅरॅलॅक्स आहेत. ही यादी सर्वांना खुली आहे. तिच्यातले वीसेक तारे निवडून मुलांपुढे ठेवा, पॅरॅलॅक्सचा रकाना आणि त्याच्या शेजारचा, मोजमापात किती चूक असू शकते ते सांगणारा रकाना. त्यात मुद्दाम दोन-तीन उणे पॅरॅलॅक्स असू द्या. मैदानावरच्या वहीत उणे १ लिहिणाऱ्या गटाला आता उत्तर मिळतं: तारा फार दूर आहे, सरक चुकीपेक्षा लहान आहे, आणि मोजमाप शून्याच्या दोन्ही बाजूंना पडतं. उणे आकडे गाळले तर उरलेल्यांची सरासरी खोटी येते, म्हणून शास्त्रज्ञही ते तसेच ठेवतात. बऱ्यापैकी तेजस्वी ताऱ्यांसाठी गायाची चूक विकलेच्या लाखाव्या भागाच्या दोन-तीनपट आहे. हजार पार्सेकवर ती २-३ टक्के, दहा हजार पार्सेकवर २०-३० टक्के. मैदानावरचे ४०० मीटर आता आकाशगंगेच्या केंद्रापलीकडे गेले, एवढाच फरक.

जाता जाता काक्षीची गंमत सांगा. मृग नक्षत्रातला हा तांबडा तारा इतका मोठा आहे की त्याची थाळी सुमारे ०.०४५ विकला दिसते आणि पॅरॅलॅक्स जेमतेम ०.००५ ते ०.००६. थाळीच सरकेच्या कितीतरी पट, त्यावर पुन्हा बदलते डाग, आणि इतके तेजस्वी तारे गायाच्या कॅमेऱ्यालाही झेपत नाहीत. म्हणून सगळ्यांच्या ओळखीच्या या ताऱ्याचं अंतर पुस्तकागणिक पाचशे ते सातशे प्रकाशवर्षं असं बदलतं. मुलांनी वेगवेगळ्या पुस्तकांतले आकडे आणून ‘खरं कुठलं?’ विचारलं तर आनंद माना.

आता तेज. ‘तेजस्वी तो जवळचा’ हा समज आधी मोडा. व्याध आणि राजन्य दोन्ही ठळक, पण राजन्य जवळजवळ शंभरपट दूर आहे. प्रॉक्झिमा सर्वांत जवळ आणि नुसत्या डोळ्यांनी दिसतही नाही. मित्र आणि मित्रक आकाशात शेजारी, पैकी मित्रक सुमारे ३९० प्रकाशवर्षांवर. तेज उपयोगी पडतं ते खरं तेज आधीच माहीत असेल तरच. मग अंतर दुप्पट झालं की तेज चौथाई, या नियमाने अंतर निघतं. अंधाऱ्या खोलीत छोटा दिवा आणि फोनचा प्रकाशमापक घेऊन हे करून बघा. ५० सेंटिमीटर आणि १ मीटर यांत चौथाई बऱ्यापैकी येते, पुढे आकडा हवा त्यापेक्षा जास्त येऊ लागतो, कारण भिंतींचा परावर्तित प्रकाश मिसळतो. आकाशात उलटं होतं: मधली धूळ प्रकाश खाते आणि तारा आहे त्यापेक्षा दूरचा वाटतो. ही धूळ तारा तांबूसही करते, त्यावरून तिचा हिशेब लावता येतो.

खरं तेज कळण्याचा एक मार्ग वर्णपट. त्यावरून ताऱ्याची जात ठरते आणि जातीवरून तेजाचा अंदाज. एकट्या ताऱ्यासाठी तो ढोबळ असतो, पण अख्खा तारकागुच्छ घेतला की बराच सुधारतो. कृत्तिकांचं उदाहरण जरूर द्या. या पद्धतीने त्यांचं अंतर सुमारे १३० पार्सेकच्या वर येत होतं, हिप्पार्कोसने सुमारे १२० दिलं, आणि बरीच वर्षं वाद चालला. थेट पॅरॅलॅक्स म्हणजे तोच खरा असणार, असं मुलं पटकन म्हणतात. गायाने १३६ च्या आसपास आकडा दिला. चूक हिप्पार्कोसकडे होती.

दुसरा मार्ग सेफीड जातीच्या रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या ताऱ्यांचा, आणि यासाठी पूर्ण तास ठेवा. हेन्रिएटा लेव्हिटने १९१२ साली लहान मॅगेलनी मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या २५ ताऱ्यांवरून दाखवलं की तेज कमीजास्त होण्याचा आवर्तकाल जितका मोठा तितका तारा तेजस्वी. सगळे तारे एकाच मेघातले, म्हणजे जवळपास सारख्याच अंतरावर, म्हणून दिसणाऱ्या तेजातला फरक हा खऱ्या तेजातलाच फरक. युक्तिवादाची ही पायरी मुलांकडूनच काढून घ्या.

मग डेल्टा सेफी या सेफीड ताऱ्याचं गणित. आवर्तकाल ५.३७ दिवस, सरासरी दृश्यप्रत (दिसणाऱ्या तेजाचा आकडा; तेज जास्त तितका तो लहान) ३.९५. निरपेक्ष प्रत (तारा १० पार्सेकवर असता तर दिसली असती ती, म्हणजे खऱ्या तेजाचा आकडा) = −४.०५ − २.४३ × (लॉग आवर्तकाल − १). लॉग ०.७३, म्हणून निरपेक्ष प्रत −३.३९. दोन प्रतींतला फरक ७.३४, त्यावरून अंतर (१० चा ‘फरक ÷ ५ + १’ एवढा घात) सुमारे २९४ पार्सेक. आता धुळीने खाल्लेली ०.२३ प्रत वजा करा: फरक ७.११, अंतर २६४. हबल दुर्बिणीने मोजलेल्या पॅरॅलॅक्सवरून ते २७३ येतं. धूळ विसरलो तर चूक किती, हे इथे उघड दिसतं. मात्र प्रामाणिकपणे हेही सांगा की सूत्रातले आकडे ठरवताना ज्या सेफीडांचे पॅरॅलॅक्स वापरले, त्यांत डेल्टा सेफीही होता. तेव्हा हा ताळा पूर्ण स्वतंत्र नाही.

सूत्रातला −४.०५ चुकला तर काय होतं, याचं उत्तर एडविन हबलकडे आहे. १९२३ साली त्याला देवयानी दीर्घिकेत सेफीड सापडला आणि त्यावरून अंतर आलं सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षं. आजचा आकडा पंचवीस लाख आहे. सेफीडांच्या दोन जाती आहेत हे वॉल्टर बाडेने १९५२ च्या सुमारास दाखवेपर्यंत खालची पायरीच कच्ची होती. इथे कुणीतरी ताम्रसृतीचं (वर्णपटातल्या रेषा तांबड्या बाजूला सरकण्याचं) नाव काढेल. आपल्या आकाशगंगेतल्या ताऱ्यासाठी तिच्यावरून फक्त जवळ येण्याचा किंवा लांब जाण्याचा वेग कळतो, अंतर नाही. तो विषय दीर्घिकांच्या धड्यासाठी राखून ठेवा.

शेवटी परीक्षेसाठी व्याख्या विचारू नका, हा प्रश्न द्या: रोहिणी तारा हायडीस गुच्छाच्या ‘व्ही’ आकारात बसलेला दिसतो. रोहिणीचा पॅरॅलॅक्स ०.०४९ विकला, चूक ०.००१ च्या आत. गुच्छातल्या ताऱ्यांचा सुमारे ०.०२१. रोहिणी त्या गुच्छातली आहे का? बहुतेक मुलं ६७ आणि १५५ प्रकाशवर्षं असे आकडे काढून ‘नाही’ म्हणतील, त्यांना पूर्ण गुण द्या. चूक कितीही ओढली तरी ०.०४९ आणि ०.०२१ जुळत नाहीत, असं लिहिणाऱ्याला एक गुण जास्त. आणि एखादीने विचारलं की रोहिणीची निजगती गुच्छातल्या ताऱ्यांसारखी आहे का ते बघायला हवं, तर तिला गायाची यादी उघडून द्या. मात्र रोहिणीचा आकडा तिला हिप्पार्कोसच्या यादीत शोधावा लागेल.